अल्पसाधन प्रदेशांतील वृद्धांची आरोग्यसेवेपर्यंतची पोहोच

वृद्ध व्यक्तीला घरातून निघून तपासणीच्या किंवा उपचाराच्या ठिकाणी प्रत्यक्ष जाता येणे, तेथे आत शिरून सेवा घेता येणे आणि त्याच दिवशी सुखरूप परतता येणे, या सर्वांना मिळून आरोग्यसेवेपर्यंतची शारीरिक पोहोच म्हणतात. रॉय पेंचान्स्की व विल्यम थॉमस या अमेरिकी अभ्यासकांनी १९८१ मध्ये पोहोचीच्या संकल्पनेची पाच अंगे मांडली : सेवेची उपलब्धता, तिचे भौगोलिक अंतर, कामकाजाची सोय, परवडण्याजोगा खर्च आणि परस्पर स्वीकारार्हता. ही अंगे कागदावर वेगळी दिसली, तरी रस्ते, वाहने व मनुष्यबळ अपुरे असलेल्या प्रदेशात राहणाऱ्या वृद्धाच्या बाबतीत ती एकमेकांत गुंतलेली असतात. दुखऱ्या गुडघ्यामुळे वाहन करावे लागते, वाहनामुळे खर्च वाढतो आणि खर्चामुळे पुढची फेरी लांबणीवर पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०३० पर्यंत जगातील दर सहा व्यक्तींपैकी एक ६० वर्षांची किंवा त्याहून मोठी असेल आणि २०५० मध्ये अशा व्यक्तींपैकी सुमारे ८० टक्के अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत असतील. याच देशांतील ग्रामीण आरोग्ययंत्रणा प्रामुख्याने माता-बालसंगोपन व साथीचे रोग डोळ्यांसमोर ठेवून उभी राहिली. आरोग्यसेवा लोकांच्या राहत्या व कामाच्या ठिकाणापासून शक्य तितकी जवळ असावी, असे प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आता जाहीरनाम्याने म्हटले होते. मात्र ‘जवळ’ म्हणजे कोणाच्या पावलांनी जवळ, हा प्रश्न नियोजनात क्वचितच विचारला गेला.

२०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवेळेच्या जागतिक नकाशानुसार, वाहन मिळाले तरी तासाभरात दवाखाना किंवा रुग्णालय गाठू न शकणारे लोक जगाच्या लोकसंख्येच्या ८.९ टक्के, म्हणजे सुमारे ६४.६ कोटी होते. केवळ पायी जाणे शक्य असेल, तर हेच प्रमाण ४३.३ टक्क्यांवर जात होते. अशा गणितांत सपाटीवर चालण्याचा वेग सहसा ताशी ५ किलोमीटरच्या आसपास धरतात. तो निरोगी प्रौढाचा वेग आहे. वयोमानाने होणाऱ्या स्नायुक्षयाचा अभ्यास करणाऱ्या युरोपीय तज्ज्ञगटाने सेकंदाला ०.८ मीटर किंवा त्याहून कमी वेग हे गंभीर दुर्बलतेचे लक्षण मानले आहे. या वेगाने न थांबता चालले, तरी ५ किलोमीटरला पावणेदोन तास लागतात. प्रत्यक्षात दम खाण्यासाठी बसावे लागते, चढ येतो, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असते. नकाशावर सेवेच्या टप्प्यात दाखवलेले कितीतरी वृद्ध त्यामुळे वस्तुतः टप्प्याबाहेर असतात, आणि हा दोष केवळ मोजणीचा नाही, कारण नवे केंद्र कोठे उघडायचे याचा निर्णयही याच मोजणीवर होतो.

अंतर कापणे हा या वाटेचा एकच टप्पा आहे. प्रवासी वाहनाची पहिली पायरी अनेकदा गुडघ्याइतकी उंच असते. हाताशी दांडा नसेल, तर संधिवात झालेल्या माणसाला दुसऱ्याने वर ओढून घ्यावे लागते. चालकाला घाई असते. लघवी आवरत नसलेली व्यक्ती वाटेत शौचालय नाही म्हणून सकाळपासून पाणी पीत नाही, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारे औषध चालू असेल, तर नेमके तपासणीच्या दिवशी ते चुकवते. तपासणीच्या खोलीत पोहोचेपर्यंत तिला शोष पडलेला असतो. अशा वेळी मोजलेल्या रक्तदाबावरून औषधाची मात्रा ठरवणे कितपत योग्य, याचा विचार व्हायला हवा.

इमारतीच्या आतही अडथळे संपत नाहीत. उंची आणि लांबी यांचे १ : १२ हे प्रमाण रॅम्पसाठी सर्वत्र ग्राह्य मानले जाते, पण अनेक ठिकाणी तो इतका चढा बांधलेला असतो की चाकाची खुर्ची ढकलणाऱ्याचीही दमछाक होते. नोंदणी, तपासणी, रक्ताचा नमुना आणि औषधे यांसाठी वेगवेगळ्या खिडक्यांपुढे उभे राहावे लागते. पुकारलेले नाव कमी ऐकू येणाऱ्याला कळत नाही, लहान अक्षरांतील पाटी मोतीबिंदू झालेल्याला वाचता येत नाही. तपासणीचा पलंग उंच असला, की रुग्णाला खुर्चीवर बसवूनच तपासणी उरकली जाते. पोट, पाय आणि पाठीवरच्या जखमा पाहायच्या राहून जातात. रांगेतील एक बाक, जिन्याचा कठडा, कमोडची सोय या गोष्टी स्वस्त आहेत. तरीही त्या मागे पडतात, हे खेदजनक आहे.

सोबत येणारा माणूस हा या पोहोचीचा सर्वांत दुर्लक्षित घटक होय. कमावत्या वयाची मुले कामासाठी दूर गेलेली असतात आणि घरी असलेल्याची सोबत म्हणजे त्याची एक दिवसाची मजुरी बुडणे. ‘कशाला कोणाला त्रास’ असे म्हणून दुखणे अंगावर काढणारे वृद्ध बेफिकीर नसतात. त्यांनी घराचा हिशेब केलेला असतो. स्त्रिया सरासरीने अधिक जगतात, वैधव्यात एकट्या राहण्याची शक्यताही त्यांच्या बाबतीत अधिक असते, आणि हाती पैसा व निर्णयाचा अधिकार कमी असल्याने ही अडचण त्यांना अधिक जाचते.

परिणाम सावकाश दिसतात. उच्च रक्तदाब व मधुमेह यांना नियमित फेऱ्यांची गरज असते आणि नेमक्या त्याच फेऱ्या तुटतात; उपचार मग पक्षाघात किंवा पायाची जखम चिघळल्यावर सुरू होतो. शस्त्रक्रियेने दूर होण्याजोगे मोतीबिंदूचे अंधत्व वर्षानुवर्षे तसेच राहते, आणि दृष्टी नसल्याने केंद्रापर्यंत जाणे आणखी अवघड होते. केंद्राच्या नोंदवहीत आलेल्यांचीच नोंद होत असल्यामुळे न पोहोचलेला वृद्ध आकडेवारीतूनही गळतो. त्यामुळे वृद्धांची कमी उपस्थिती म्हणजे कमी गरज, असा अर्थ काढणे चुकीचे ठरते. गरज मोजण्यासाठी घरोघरचे सर्वेक्षणच करावे लागते.

उपायांची दिशा दुहेरी आहे : माणसाला केंद्रापर्यंत नेणे आणि सेवा माणसापर्यंत आणणे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २००६ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातील ९ वे कलम सुगम्यतेचे आहे, तर २५ वे कलम ग्रामीण भागासह लोकांच्या वस्तीजवळ आरोग्यसेवा देण्याचे बंधन घालते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये वयस्नेही प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी साधनसंच प्रसिद्ध केला आणि २०१७ मध्ये वृद्धांच्या एकात्मिक काळजीची मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांत चालणे, दृष्टी, श्रवण, पोषण, स्मरण आणि मनःस्थिती यांतील घट वस्तीच्या पातळीवरच ओळखण्यावर भर आहे. थायलंडमध्ये गावातील आरोग्य स्वयंसेवक घरी जाऊन रक्तदाब पाहतात. दक्षिण आफ्रिकेत २०१४ पासून प्रकृती स्थिर असलेल्या दीर्घकालीन रुग्णांना वस्तीजवळच्या वितरणकेंद्रांतून औषधे घेता येतात. दोन-तीन महिन्यांची औषधे एकदम देणे हा त्याहून साधा मार्ग आहे. मात्र त्यासाठी केंद्रात पुरेसा साठा लागतो, आणि तुटवडा असलेल्या ठिकाणी तोच पहिल्यांदा आटतो.

दूरध्वनीवरील सल्ल्याने काही फेऱ्या निश्चित वाचतात, परंतु पडून खुब्याचे हाड मोडलेल्या व्यक्तीला तो पुरत नाही. तिला आडवे निजवून नेणारे वाहन, ते वाहन घरापर्यंत येईल असा रस्ता आणि शस्त्रक्रिया होऊ शकेल असे रुग्णालय लागते. तातडीची शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय दोन तासांच्या आत गाठता यावे, हा निकष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या जागतिक शस्त्रक्रियेविषयीच्या आयोगाने २०१५ मध्ये मांडला. त्या दोन तासांत घरापासून वाहनापर्यंत खाटेवरून किंवा पाठुंगळी नेण्याचा वेळही धरला गेला पाहिजे.