जिप्सम फलकभिंतीचे रंगकाम

दोन जाड कागदांच्या मध्ये जिप्समचा गाभा असलेल्या फलकांची भिंत उभारल्यावर तिचे सांधे भरून, घासून, अस्तर (प्रायमर) देऊन रंग लावण्याची प्रक्रिया. ओला गिलावा टळतो म्हणून अमेरिकेत अशा भिंतीला ‘ड्रायवॉल’ म्हणतात. आपल्याकडचे कारागीर ‘जिप्सम बोर्ड’ म्हणतात.

फलकाच्या उगमाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये केंट परगण्यातील रॉचेस्टर येथे १८८८ च्या सुमारास असे फलक तयार होत, असे काही लेखक मानतात. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांना १८९४ मध्ये पेटंट मिळाले. दिनांकित दस्तऐवज म्हणून तेच प्रमाण धरणे अधिक सयुक्तिक. मात्र सॅकेट यांचा फलक मुख्यतः गिलाव्याखालच्या लाकडी पट्ट्यांना पर्याय होता. थेट रंगवायच्या भिंतीचा आरंभ शोधायचा, तर कडा कागदात गुंडाळलेल्या, १९१० च्या दशकातील फलकांपाशी थांबावे लागते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मजूर व वेळ वाचवण्यासाठी त्यांचा अमेरिकेत झपाट्याने प्रसार झाला.

फलकांच्या लांब कडा निमुळत्या असतात, त्यामुळे दोन फलक जुळले की उथळ खळगा तयार होतो. त्यात सांधा-लुकण (सांधे बुजवण्याची पेस्ट) भरून कागदी पट्टी दाबून बसवतात आणि वर लुकणाचे आणखी दोन हात देतात. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद ओढून कडेला पातळ करतात. जाळीची पट्टी वापरल्यास पहिला हात पाणी घालून घट्ट होणाऱ्या लुकणाचा असावा. स्क्रूचे डोके कागद न फाडता किंचित आत हवे. फाटल्यास पकड जाते व पुढे तेथे फुगवटा येतो.

खरी अडचण शोषणाची आहे. फलकाचा कागद आणि वाळलेले लुकण रंग सारख्या प्रमाणात पीत नाहीत. अस्तराविना रंग दिला, तर सांध्यांचे पट्टे मंद दिसतात आणि कागद चकाकतो. दुसऱ्या हातानेही हा भेद नेहमी जात नाही. म्हणून प्रायमर टाळू नये. घासताना कागदावर पॉलिशपेपर जोरात फिरला तर लव उभी राहते, ती प्रायमरनंतर काट्यासारखी हाताला लागते. बॅटरी भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकावा; समोरून न दिसणारा उंचवटा लांब सावली टाकतो. चकचकीत रंग किंवा खिडकीचा तिरका उजेड असेल, तर पूर्ण पृष्ठावर लुकणाचा पातळ लेप देतात. भिंतीच्या सफाईच्या अमेरिकी वर्गवारीत ही पाचवी, म्हणजे सर्वोच्च पातळी होय.

सिमेंटचा नवा गिलावा अल्कधर्मी असल्याने तो पुरता मुरेपर्यंत थांबावे लागते. येथे तशी गरज नाही; लुकण मात्र आतपर्यंत कोरडे हवे, आणि पावसाळ्यात कोकणपट्टीत त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

घासकामाच्या धुळीपासून जपावे. जुन्या लुकणात ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक खनिज तंतू) असे. अमेरिकेने अशा लुकणांवर १९७७ मध्ये बंदी घातली. त्याआधीच्या भिंती तपासणीविना घासू नयेत.