फुफ्फुस आणि थायरॉइडच्या कर्करोगातील शुश्रूषा : मिरजेच्या क्षयरोग आरोग्यधामापासून आयोडीनच्या खोलीपर्यंत

सांगली-मिरज परिसरात छातीच्या आणि गळ्याच्या कर्करोगाची शुश्रूषा आज ज्या रीतीने चालते, तिची मुळे शोधायची तर सुरुवात क्षयरोगापासून करावी लागते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि काही वर्षांतच तेथे परिचारिकांचे शिक्षणही सुरू झाले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्याने कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चारी दिशांनी रुग्ण येत असत. पुढे 1920 च्या सुमारास सांगली आणि मिरज यांच्या मधल्या मोकळ्या माळावर क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम उभे राहिले आणि त्या वस्तीला वॉन्लेसवाडी हे नाव पडले.

क्षयावर औषध नव्हते त्या काळात उपचार म्हणजे शुश्रूषाच होती. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी, झाकणाची थुंकदाणी आणि ती रोज उकळून स्वच्छ करण्याची शिस्त यांवरच सारी भिस्त असे. रुग्णाला घरापासून तोडणे हा या उपचाराचा गाभा होता. स्ट्रेप्टोमायसिन आणि त्यामागोमाग 1952 मध्ये आयसोनियाझिड ही क्षयावरील औषधे आल्यावर चित्र पालटले. 1959 मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिले की औषधे नियमित घेतली तर घरी राहणारा रुग्ण आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि घरातल्यांचा धोकाही त्यामुळे वाढत नाही. शास्त्राने वेगळे ठेवणे सोडले. घरांनी मात्र ते सोडले नाही, आणि फुफ्फुसाच्या कर्करोगाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकेला आजही या वारशाशी झगडावे लागते.

फुफ्फुसाच्या कर्करोगावर पहिली मोठी यशस्वी शस्त्रक्रिया अमेरिकेतील सेंट लुईस येथे एप्रिल 1933 मध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी केली. एक संपूर्ण फुफ्फुस काढलेला तो रुग्ण स्वतः डॉक्टर होता आणि त्यानंतर सुमारे तीस वर्षे जगला. या कर्करोगाशी असलेला धूम्रपानाचा संबंध ब्रिटनमध्ये डॉल आणि हिल या संशोधकांनी 1950 मध्ये ठळकपणे मांडला. आपल्याकडे विडीबरोबर चुलीचा धूरही विचारात घ्यावा लागतो. कधीही विडी न ओढलेल्या बायकांमध्ये हा आजार निघाला की नातेवाइकांना तो पटतच नाही. त्यातून खोकला, वजन उतरणे, बेडक्यातून रक्त ही लक्षणे क्षयाचीही असल्याने अनेक रुग्ण निदानाआधी काही महिने टीबीच्या गोळ्या घेऊन आलेले असतात. अशा रुग्णाचे ताट-तांब्या घरात आधीच वेगळे झालेले असते. हा रोग संसर्गाने पसरत नाही, नातवाला जवळ घेण्यास हरकत नाही, हे सांगणे हे येथल्या सिस्टरचे पहिले काम असते आणि माझ्या मते ते इंजेक्शन देण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

छातीच्या शस्त्रक्रियेने वॉर्डात आणलेली सर्वांत जोखमीची वस्तू म्हणजे पाण्याची बाटली. छातीतून निघालेल्या नळीचे टोक बाटलीतल्या पाण्याखाली साधारण दोन सेंटिमीटर बुडवलेले असते, त्यामुळे आतली हवा आणि द्रव बाहेर येतात, पण बाहेरची हवा आत जात नाही. ही युक्ती जर्मन वैद्य ब्यूलाऊ यांनी 1875 मध्ये वापरात आणली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. श्वासाबरोबर नळीतले पाणी वरखाली हलते. ते अचानक थांबले तर नळी कोठे दुमडली आहे का, तिच्यात गुठळी अडकली आहे का, हे लगेच पाहावे लागते. एक्स-रेसाठी नेताना नातेवाईक ही बाटली सलाइनसारखी उंच धरतात, आणि तसे झाले तर पाणी उलटे छातीत शिरू शकते. म्हणून ट्रॉली हलण्याआधी ‘बाटली छातीच्या खालीच’ हे मावशी-मामांपासून रुग्णाच्या मुलापर्यंत प्रत्येकाला बजावले जाते.

बऱ्याच रुग्णांचा आजार शस्त्रक्रियेपलीकडे गेल्यावरच कळतो. तेव्हा धाप आणि वेदना यांवर मॉर्फिन लागते, आणि 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर ते मिळणेच अवघड झाले होते. कायद्यातील 2014 च्या दुरुस्तीने कागदोपत्री वाट सुकर केली. जिल्ह्याच्या ठिकाणाबाहेर ती अजून पुरती सुकर झालेली दिसत नाही.

गळ्यातील थायरॉइड ग्रंथीच्या कर्करोगाची गोष्ट उलट्या बाजूने जाते. तो बायकांमध्ये अधिक आढळतो, आणि त्याच्या नेहमीच्या प्रकारांत बहुतेक रुग्ण दीर्घकाळ जगतात. शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र मात्र कसोटीची असते. गळ्यात रक्त साचून श्वासनलिका दाबली जाऊ शकते, म्हणून टाके कापण्याचे साहित्य उशापाशीच ठेवलेले असते. ओठांभोवती किंवा बोटांच्या टोकांना मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरल्याची ती खूण असते. दर काही वेळाने रुग्णाला तिचे नाव विचारण्यामागचा हेतू आवाज बसला आहे का, हे ऐकण्याचा असतो.

किरणोत्सारी आयोडीनचा या कर्करोगावरील वापर 1940 च्या दशकात अमेरिकेत रुजला. परळला टाटा रुग्णालयाच्या आवारात अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर 1963 मध्ये सुरू झाले, आणि नंतरची बरीच वर्षे आपल्या भागातील रुग्णांनी त्यासाठी मुंबईची गाडी धरली. या उपचाराआधी आयोडीन न मिसळलेले मीठ खावे लागते, अनेकदा थायरॉइडची गोळीही काही आठवडे बंद ठेवली जाते; त्या दिवसांतील सुस्ती आणि सूज पाहून घरचे घाबरतात. मोठा डोस घेतलेली रुग्ण हिंडती-फिरती असते, काही दुखत नसते, तरीही तिच्या शरीरातून किरण बाहेर पडत असल्याने तिला जाड भिंतींच्या खोलीत एकटे राहावे लागते. सिस्टर छातीला किरण मोजणारा बॅज लावून दारातूनच ताट देते आणि बोलणे बहुधा फोनवर उरकते. जी जवळ घेण्याजोगी दिसते तिच्यापासून खरोखरच अंतर राखायचे असते.

या किरणोत्सारी आयोडीनचे (आयोडीन-131) अर्धे आयुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा होण्याचा काळ, आठ दिवसांचे असते आणि त्यातील मोठा भाग पहिल्या दोन-तीन दिवसांतच लघवीवाटे निघून जातो, म्हणून घरी गेल्यावरही लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून काही दिवसच दूर राहायचे असते. गावाकडे मात्र हे ‘काही दिवस’ महिन्यांवर जातात. सून स्वयंपाकघरात येईनाशी होते, शेजारी पाणी घेत नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर अंतर किती ठेवायचे एवढेच नव्हे, तर कोणत्या तारखेनंतर अजिबात ठेवायचे नाही, हेही मराठीत लिहून द्यायला हवे, आणि कुटुंबातील जे माणूस घरातले निर्णय घेते त्याला ते समोर बसवून वाचून दाखवायला हवे.