कार्डावरचा रंग कशात विरघळतो?

एकाच जाड कागदावर एकाच फुलाचा ठसा चार वेळा उमटवा. पहिलं फूल जलरंगानं रंगवा, दुसरं अल्कोहोल मार्करनं, तिसरं रंगपेन्सिलीनं आणि चौथं स्टॅम्प पॅडची शाई ओल्या ब्रशनं उचलून. चारही ठिकाणी लाल रंगच घेतलात तरी एका फुलाच्या कडेला गडद रेघ येईल, एकाचा रंग कागदाच्या पाठीमागे उतरेल, एकात कागदाचे पांढरे ठिपके दिसत राहतील आणि एखाद्याची काळी बाह्यरेषाच पाकळ्यांत पसरेल. हातानं भेटकार्डं बनवणारे बरेचजण अशा वेळी ‘हे माध्यम मला जमत नाही’ म्हणून ते बाजूला ठेवतात. मला हे फार खटकतं, कारण यातलं जवळजवळ सगळं आधीच ओळखता येतं. त्यासाठी दोनच गोष्टी विचारायच्या. रंगाला कागदापर्यंत नेणारा द्रव कोणता? आणि तो द्रव उडून गेल्यावर रंगाला धरून ठेवणारं काय आहे?

सुरुवात कागदापासून करू. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं जाळं. सेल्युलोजला पाण्याची ओढ असते. तंतूंमधल्या बारीक फटींतून पाणी केशाकर्षणानं पुढे सरकतं आणि तंतूंच्या आतही शिरतं. मग तंतू फुगतात, पण लांबीत फारसे नाही, रुंदीत मात्र कितीतरी पटींनी जास्त. म्हणूनच पातळ कार्ड ओलं झालं की सगळीकडे सारखं न वाढता वाकतं, त्याला लाटा येतात. चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा जलरंगाचा कागद हा ताण बराच सहन करतो. शिवाय अशा कागदाला जिलेटिनसारख्या पदार्थाचं ‘सायझिंग’ दिलेलं असतं. त्यामुळे पाणी लगेच आत न शोषलं जाता थोडा वेळ वर थांबतं, आणि तेवढ्या वेळात ब्रश फिरवून छटा मिसळता येते. जलरंग साध्या कार्डावर डागाळतो तो बहुतेकदा याच कारणानं. त्यात रंगवणाऱ्याचा हात दोषी नसतो.

जलरंगात रंगाचे बारीक, न विरघळणारे कण असतात आणि त्यांना कागदाला चिकटवतो बाभूळवर्गीय झाडांचा डिंक. वाळलेला डिंक पुन्हा पाण्यात विरघळतो, म्हणून कालचा रंगही आज ओल्या ब्रशनं उचलता येतो. अॅक्रिलिकचं तसं नाही. त्यातलं पाणी उडालं की प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार होतो, आणि तो पाण्याला दाद देत नाही. अॅक्रिलिकवर जलरंगाचा थर देता येतो, पण खालचा जलरंग अॅक्रिलिकच्या ओल्या ब्रशखाली हलतो. थरांचा क्रम असा रसायनशास्त्रच ठरवून देतं.

कडेच्या गडद रेघेची गोष्ट तर फारच सुंदर आहे. थेंबाची कड कागदावर अडकून बसते आणि तिथलं पाणी मधल्या पाण्यापेक्षा लवकर उडतं. ती तूट भरून काढायला आतलं पाणी कडेकडे वाहतं आणि जाताना रंगाचे कण सोबत नेतं. कॉफीच्या वाळलेल्या डागाला गडद किनार येते तीही याच प्रवाहामुळे. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हे स्पष्टीकरण मांडलं. अर्धवट वाळलेल्या भागावर पाण्याचा नवा थेंब पडला तर तो कणांना बाहेर ढकलतो आणि फुलकोबीच्या कडेसारखी नक्षी उमटते. नको असेल तर शेजारचा भाग पूर्ण वाळू द्या. हवी असेल तर पार्श्वभूमीला मुद्दाम करा. आकाशाला ती फार शोभते.

अल्कोहोल मार्करची तऱ्हा वेगळी. त्यात बहुतेकदा कण नसतात, विरघळलेलं रंजक असतं, म्हणजेच डाय. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे पसरण्याऐवजी थेंबात गोळा होऊन राहण्याची ओढ, मीटरला सुमारे ७२ मिलिन्यूटन, तर इथेनॉलचा फक्त २२ च्या आसपास. त्यामुळे पाणी अडवणारं सायझिंग अल्कोहोलला फारसं अडवत नाही. ते झटकन आत शिरतं, पलीकडे पोचतं आणि तितक्याच झटकन उडून जातं. ते सेल्युलोजला पाण्याइतकं फुगवत नाही, म्हणून कार्ड सपाट राहतं. निब एका जागी टेकवून ठेवली तर रंग आधी वेगानं पसरतो, मग मंदावतो. सच्छिद्र कागदात द्रवानं कापलेलं अंतर साधारणपणे वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दुप्पट पसरायला चौपट वेळ लागतो. म्हणजे रेघेबाहेर रंग जाण्याचा धोका पहिल्या क्षणातच सर्वाधिक, म्हणून निब रेघेच्या थोडी आत टेकवायची आणि बाकीचं काम कागदावर सोडायचं.

बाह्यरेषेलाही हाच प्रश्न विचारायचा. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा ठसा जलरंगाखाली पसरतो, पण नीट वाळला असेल तर अल्कोहोल मार्करखाली बहुधा टिकतो. अल्कोहोलसारख्या द्रावकावर आधारलेल्या शाईचं नेमकं उलटं होतं. एम्बॉसिंग पावडर उष्णतेनं वितळवून केलेली उठावाची रेघ मात्र पाण्याला बांधासारखी अडवते. जलरंगात नवखे असाल तर तिथूनच सुरुवात करा.

रंगपेन्सिलीत द्रव नसतोच. मेणात किंवा तेलात धरलेले कण कागदाच्या उंचवट्यांवर घासले जातात आणि खळगे पांढरे राहतात. हलक्या हातानं थरावर थर दिले की ते भरतात.

आता टिकाऊपणाचं. रसेल आणि अॅबनी या शास्त्रज्ञांनी १८८८ साली ब्रिटनमध्ये जलरंगांवर प्रकाशाचा काय परिणाम होतो याचा मोठा अहवाल दिला. उघड्या हवेत उडणारे बरेच रंग निर्वात नळीत टिकले होते, म्हणजे प्रकाशासोबत हवा आणि ओलावाही यात सामील असतात. डायचे रेणू सुटे असल्यामुळे सगळेच उघड्यावर असतात. कणाच्या आतले रेणू मात्र बाहेरच्यांच्या आडोशाला राहतात. म्हणून मार्करचं कार्ड पाकिटात वर्षानुवर्षं ताजं राहील, पण चौकटीत घालून उजेडात टांगलं तर फिकं पडू शकतं. आपल्या रंगांचं खरं काय ते कळायला एका पट्टीवर सगळे मार्कर ओढा, अर्धी पट्टी जाड काळ्या कागदानं झाका आणि खिडकीच्या काचेला आतून चिकटवा. काही आठवड्यांनी कागद काढून दोन्ही भाग शेजारी शेजारी पाहा. ज्या छटा झाकलेल्या भागापेक्षा फिक्या दिसतील, त्या भिंतीवर लावायच्या कार्डांसाठी वापरू नका.