मेम्स सेन्सर बोर्डवर बसवताना: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मेम्स म्हणजे सिलिकॉनच्या चिपवर घडवलेलं सूक्ष्म यंत्र. अशा सेन्सरांपैकी प्रवेगमापक (वेगातला बदल मोजणारा) बाहेरून साध्या आयसीसारखा दिसतो, पण त्याच्या पोटात हलणारं यंत्र आहे. सिलिकॉनचं एक छोटं वजन सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर अधांतरी असतं. वजनाला कंगव्यासारखे दात असतात आणि ते शेजारच्या स्थिर दातांपासून साधारण १ ते २ मायक्रॉन अंतर राखून असतात. बोर्ड हलला की वजन मागे रेंगाळतं, एका बाजूची फट अरुंद होते, दुसरीकडची रुंदावते आणि कपॅसिटन्समधला (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेतला) हा फरक चिप मोजते. तो असतो फेम्टोफॅरड या अतिशय लहान एककाच्या घरातला, बऱ्याचदा त्याहूनही कमी.

एवढ्या लहान मापात पृष्ठभागाची चिकटण्याची ओढ वरचढ ठरते. भाग १० पट लहान केला तर वस्तुमान १००० पट घटतं, पृष्ठभाग मात्र १०० पटच. म्हणून दात एकदा एकमेकांना चिकटले, तर ते सोडवायला स्प्रिंगचा जोर पुरेलच असं नाही. सेन्सर मग कुठल्याही दिशेला फिरवला तरी एकच आकडा दाखवत राहतो. असं नुकसान वापरापेक्षा जोडणीतच जास्त होतं, म्हणून पुढचं जोडणी करणाऱ्या माणसापर्यंत जरूर पोचवा.

बोर्ड धुणं

अल्ट्रासॉनिक टाकीत बोर्ड घालू नका. तिची कंपनं २० ते ४० किलोहर्ट्झची असतात आणि जायरोस्कोपचा (फिरण्याचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा) आतला भागही बहुधा याच पट्ट्यात डोलतो. दोन्ही जुळली की तो मर्यादेपलीकडे हलतो, तुटतो किंवा चिकटतो. प्लॅस्टिकची पेटी अल्ट्रासॉनिक वेल्डिंगने बंद करतानाही हाच धोका आहे. तिथे स्क्रू किंवा खटके वापरा.

धुवायची गरजच पडू नये म्हणून नो-क्लीन फ्लक्स (सोल्डरिंगनंतर धुवावा न लागणारा) घ्या. मायक्रोफोन आणि दाबमापकाला हवेसाठी भोक असतं. त्यावर हवेचा फवारा मारू नका, उचलणारं व्हॅक्यूम नोझल त्यावर टेकवू नका, कोटिंग करताना ते झाकून घ्या. मायक्रोफोनचा पडदा जेमतेम मायक्रॉनभर जाड असतो. खालून भोक असलेल्या मायक्रोफोनभोवती सोल्डरचं कडं अखंड हवं. एक फट राहिली तरी आवाज गळतो.

सोल्डर आणि जागा

हातातलं सोल्डरिंग आयर्न नको, रिफ्लोच करा (पेस्ट लावून अख्खा बोर्ड भट्टीत तापवणं). डेटाशीटमधलं कमाल तापमान, बहुतेकदा २६० अंश, ओलांडू नका. बॅगेवर ओलावा-स्तर ३ (MSL 3) छापलेला असेल, तर उघडल्यापासून १६८ तासांत सोल्डरिंग उरका. पॅडवर पेस्ट कमी-जास्त पडली तर सेन्सर तिरका बसतो. पुरवठ्याच्या पिनालगत १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर हवाच.

सेन्सर स्क्रूच्या भोकाजवळ, बटणाखाली किंवा तापणाऱ्या भागाशेजारी ठेवू नका. बोर्ड किंचित वाकला तरी शून्य (काहीच मोजायचं नसताना यायला हवा तो आकडा) सरकतं. एकाच पॅनेलमध्ये जोडलेले बोर्ड हाताने कटकन तोडू नका, कटरने वेगळे करा. त्या झटक्यात हजारो जीचा (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा प्रवेग) धक्का बसू शकतो. सुटा सेन्सर कठीण फरशीवर पडला तर तो बाजूलाच काढा, चाचणीत चालला तरीही.

शून्य जुळवणं

हे काम पेटीचे स्क्रू आवळल्यानंतरच करा, कारण आवळताना शून्य पुन्हा हलतं. प्रत्येक अक्ष एकदा सरळ वर आणि एकदा सरळ खाली ठेवा, दर वेळी शंभरेक वाचनांची सरासरी घ्या. समजा झेड अक्ष वर असताना +१.०३ जी आणि खाली असताना −०.९७ जी आलं. बेरजेचं निम्मं ०.०३, ही शून्याची चूक. फरकाचं निम्मं १.००, म्हणजे संवेदनशीलता बरोबर आहे. ०.०३ जी क्षुल्लक वाटेल, पण कल मोजणाऱ्या अक्षावर एवढीच चूक राहिली तर सपाट ठेवलेलं उपकरण सुमारे १.७ अंशांनी कललेलं दाखवेल.

हेलियम

मेम्स ऑसिलेटर (सर्किटला ठराविक ठेका देणारी चिप) घेणाऱ्यांसाठी खास सूचना. त्याची निर्वात पोकळी हवेला बंद असते, हेलियमला नाही. हेलियमचे अणू आत झिरपतात आणि ऑसिलेटर थांबू शकतो. २०१८ साली अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात एमआरआय यंत्र बसवताना हेलियम गळला आणि इमारतीतले कितीतरी आयफोन बंद पडले. मोकळ्या हवेत काही दिवसांनी बहुतेक पुन्हा चालू झाले. पेटीची गळती हेलियमने तपासत असाल तर बोर्ड आधी बाहेर काढा.

तक्रार असेल तर

सेन्सर बोर्डवरून सोल्डर वितळवून काढून पाठवू नका. काढताना बसलेल्या उष्णतेमुळे मूळ बिघाड ओळखता येत नाही. अख्खा बोर्ड, सहाही स्थितींतली वाचनं, रिफ्लोचा तापमान-आलेख आणि बॅगेवरचा लॉट क्रमांक एकत्र पाठवा.