डेकेअरमधलं डायपर-टेबल आणि ‘निर्जंतुक’चा घोळ

अमेरिकेतल्या परवानाधारक डेकेअरमध्ये डायपर-टेबलाच्या वर भिंतीवर एक तक्ता डकवलेला दिसतो. कागद अंथरा, पुढून मागे पुसा, घाण डायपर पिशवीत टाका, बाळाचे हात धुवा, टेबल धुवा, मग फवारा मारा, शेवटी स्वतःचे हात धुवा. भारतातून आलेल्या आजीला हा सगळा थाट वाटतो. पण या तक्त्याच्या मुळाशी कावीळ आहे.

१९७१ मध्ये देशभरासाठी बालसंगोपनाची योजना संसदेत मंजूर झाली आणि राष्ट्राध्यक्षांनी ती नकाराधिकार वापरून परत पाठवली. परवाना आणि नियम राज्याराज्यांकडेच राहिले. त्याच दशकात नोकरी करणाऱ्या आया वाढल्या, लंगोटातली मुलं घेणारी केंद्रंही वाढली. अ‍ॅरिझोनात फिनिक्सच्या परिसरात हेपॅटायटिस ‘ए’चा, म्हणजे विषाणूमुळे होणाऱ्या काविळीचा, माग काढताना चमत्कारिक गोष्ट दिसली: केंद्रातली मुलं ठणठणीत, पण त्यांचे आईबाप आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाया पिवळ्या पडताहेत. दोन-तीन वर्षांच्या आतल्या मुलांना या आजाराची लक्षणं सहसा दिसतच नाहीत. विषाणू मात्र शीतून पडत राहतो. म्हणजे दुखणं डायपरमधून सांभाळणाऱ्यांच्या हातावर आणि हातावरून घरोघरी. १९८१ मध्ये अटलांटाजवळच्या केंद्रांतला अभ्यास छापून आला. तिथे हात धुण्याची शिस्त लावल्यावर जुलाबाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं. पुढे १९९२ मध्ये बालरोगतज्ज्ञ आणि सार्वजनिक आरोग्यवाल्यांनी मिळून राष्ट्रीय मानकं काढली. ती सक्तीची नाहीत. राज्यं त्यातलं हवं तेवढं उचलतात.

खरा गुंता शब्दाचा. या मानकांच्या २००२ च्या आवृत्तीपर्यंत जेवणाचं टेबल असो की डायपरचं, दोन्हीकडे ‘सॅनिटाइझ’ हाच शब्द होता. २०११ मध्ये फोड केली गेली: जेवणाचं टेबल, तोंडात जाणारी खेळणी ‘सॅनिटाइझ’ करायची, म्हणजे जंतू धोक्याच्या पातळीखाली आणायचे, डायपर-टेबल आणि संडास ‘डिसइन्फेक्ट’ करायचे, म्हणजे जंतू मारायचेच. आणि या दोन्हींच्या आधी साबणपाण्याने धुणं वेगळं, कारण मळावर मारलेलं औषध मळातच खर्ची पडतं. आपण मराठीत तिन्हींना सर्रास ‘निर्जंतुक करणं’ म्हणून मोकळे होतो. इंग्रजीत काम करणाऱ्यांची गतही फार वेगळी नव्हती.

त्यात फवाऱ्यातल्या ब्लीचने भर घातली. गॅलनभर पाण्यात पाव कप ब्लीच, हे प्रमाण वर्षानुवर्षं तोंडपाठ होतं. ते घरगुती सव्वापाच-सहा टक्के तीव्रतेच्या बाटलीसाठी होतं. २०१२ च्या सुमारास दुकानात सव्वाआठ टक्क्यांच्या बाटल्या आल्या आणि भिंतीवरचं प्रमाण एका रात्रीत चुकीचं ठरलं. मग सांगणं बदललं: पाठांतर सोडा, बाटलीवरचं लेबल वाचा. ऐकायला सोपं आहे. पण लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी, आणि वाचणारीच्या कडेवर एक रडतं बाळ.

शिवाय फवाऱ्यानंतर टेबल किमान दोन मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. एका बाईकडे चार तान्ही, प्रत्येकाचं डायपर दिवसातून चार-पाच वेळा. नुसती वाट बघण्यात अर्धा तास सहज जातो. फोड योग्यच होती, असं मला वाटतं. फक्त ती करताना हा अर्धा तास कुणाच्या हिशेबात धरलेला दिसत नाही.

हातमोज्यांवरूनही वाद झाले, त्यात फार काही नाही: मोजे घातले तरी हात धुणं चुकत नाही. टेबलाच्या पट्ट्याचं मात्र लक्षात घेण्यासारखं आहे. बाळ पडू नये म्हणून बांधायचा पट्टा शीने बरबटतो आणि धड धुतला जात नाही, म्हणून मानकं त्यावर भिस्त ठेवू देत नाहीत. बाळावर एक हात कायम हवा, आणि टेबलाला कठडा.

हेपॅटायटिस ‘ए’ची लस १९९५ मध्ये आली, २००६ पासून ती वर्षाच्या सगळ्याच मुलांना देण्याची शिफारस झाली आणि मूळ भीती ओसरली. तक्ता उतरला नाही. जुलाबाचे जंतू आहेतच. कापडी लंगोट वापरणाऱ्या आयांची कुरकूरही तशीच आहे. केंद्रात लंगोट खळबळायला मनाई, कारण शिंतोडे उडतात. तेव्हा दिवसभराचे लंगोट बांधलेल्या पिशवीत जसेच्या तसे, संध्याकाळी आईच्या हातात.