बादलीचा कान

गेल्या आठवड्यात आमच्या बादलीचा कान तुटला. बादली अर्धीच भरली होती. तुटल्या जागी नख लावलं, तर चिरोट्यासारखे पापुद्रे सुटू लागले. “रिसायकलचा माल, जीवच नसतो त्यात,” असं शेजारच्या काकांचं निदान. पुन्हा पुन्हा वितळवून प्लास्टिकच्या रेणूंच्या लांब साखळ्या आखूड होतात हे खरं, पण पापुद्रे ही दोन जातींचं प्लास्टिक एकत्र वितळवल्याची खूण.

भंगारात पॉलिएथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन हमखास एकत्र येतात. पाण्यात टाकून वेगळी करावीत, तर घनता साधारण 0.95 आणि 0.90, म्हणजे दोन्ही तरंगणार. दोन्ही निव्वळ कार्बन-हायड्रोजनची, तरी एकमेकांत विरघळत नाहीत. साखरेच्या सुट्या रेणूंना पाण्यात विखुरायला मोकळं रान असतं. हजारो कड्यांच्या साखळीत प्रत्येक कडी शेजारणीला बांधलेली, त्यामुळे थोडीशी नावडसुद्धा वेगळं राहायला पुरते.

मग प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातला स्क्रू करतो काय? एकाचे थेंब दुसऱ्यात बारीक करतो. हा भाग मला फार आवडतो. प्रवाह थेंबाला ताणतो, पृष्ठताण त्याला गोल ठेवू पाहतो. ही झटापट ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर यांनी 1930च्या दशकात मांडली. थेंब भोवतालच्या द्रवाच्या सुमारे चौपटीहून घट्ट असेल, तर नुसत्या घासणाऱ्या प्रवाहात कितीही जोर लावा, तो फुटत नाही. तळहातांमधल्या लाडवासारखा वळत राहतो. अरुंद तोंडातून ओढला गेला तर मात्र फुटू शकतो. त्यात घट्टपणाही स्थिर नाही: जोरात ढकललं की वितळलेलं प्लास्टिक पातळ होतं आणि दोन्ही जाती सारख्याच पातळ होत नाहीत. प्लास्टिकच्या दाण्यांच्या पोत्यावरचा मेल्ट फ्लो इंडेक्स म्हणजे 2.16 किलो वजनाखाली 10 मिनिटांत किती ग्रॅम वितळलेलं प्लास्टिक बारीक भोकातून बाहेर पडलं. तो मंद वेगाचा हिशेब. साच्यात शिरताना वेग कितीतरी जास्त. तिथे भिंतीलगत थेंब लांबट, चपटे होतात आणि तसेच गोठतात. तेच माझे पापुद्रे.

साखळ्यांचा गुंता असतो म्हणून प्लास्टिक चिवट असतं. दोन जातींच्या सीमेवर तो गुंता जवळपास नसतोच, तडा तिथूनच धावतो. 2017 मध्ये कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी दोन्ही जातींचे आळीपाळीने जोडलेले चार तुकडे असलेली एक साखळी बनवली. ती 1 टक्का घातली तरी ठिसूळ मिश्रण चिवट झालं, कारण तिचे तुकडे आपापल्या जातीत रुततात आणि सीमा टाचून धरतात.

आमच्या बादलीच्या बुडाशी हिरव्या पानाचं चित्र आहे, खाली ‘100% रिसायकल’. आत काय काय मिसळलंय, ते छापलेलं नाही. कान सध्या तारेने बांधलाय.