सर्रा माणसाला का होत नाही?

सर्रा हा घोडे, उंट आणि गाई-म्हशींचा आजार. ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी या एकपेशीय परजीवीमुळे तो होतो आणि टॅबॅनस जातीच्या चावऱ्या माश्या त्याचा प्रसार करतात. त्याच माश्या माणसालाही चावतात. पण आपल्या रक्तद्रवात शिरलेला परजीवी मरतो, आधी कधी गाठ पडलेली नसली तरी. मानवी रक्तद्रवाचा हा गुण फ्रेंच शास्त्रज्ञ लाव्हराँ यांनी १९०२ मध्येच नोंदवला होता.

मारणारे प्रथिन म्हणजे एपोएल-१. ‘चांगले कोलेस्टेरॉल’ वाहणाऱ्या एचडीएलच्या काही थोड्या कणांवर ते असते. त्याच कणांवर हिमोग्लोबिन धरून ठेवणारे आणखी एक प्रथिन असते, आणि परजीवी फसतो तो इथेच. त्याला हीम (हिमोग्लोबिनमधला लोहयुक्त भाग) स्वतः बनवता येत नाही, म्हणून हिमोग्लोबिन ओढून घेणारे ग्राही त्याच्या पृष्ठभागावर असतात. त्यांच्या वाटे अख्खा कणच आत जातो. आतल्या आम्लधर्मी पिशवीत एपोएल-१ सुटे होते, पटलात रुतते आणि तिथे आयनांसाठी छिद्र तयार होते. सोडियम आत येते, त्यामागोमाग पाणी, आणि काही तासांत पेशी फुगून फुटते.

आफ्रिकेतला निद्रारोग घडवणाऱ्या ट्रिपॅनोसोमा ब्रुसीच्या दोन उपजातींनी मात्र यावर तोड काढली आहे. पूर्वेकडची ऱ्होडेसिएन्स आपल्या आवरणातल्या प्रथिनापासून उत्क्रांत झालेले एसआरए नावाचे प्रथिन वापरते. ते पिशवीतच एपोएल-१चे शेपूट पकडते आणि छिद्र पडूच देत नाही. पश्चिम व मध्य आफ्रिकेतल्या गॅम्बिएन्सकडे एसआरए नाही. तिच्या ग्राहीत २१०व्या जागी ल्युसिन या अमिनो आम्लाऐवजी सेरिन आहे, त्यामुळे कण नीट चिकटत नाही. पण एवढ्याने भागत नाही, कारण एपोएल-१ या ग्राहीला वगळूनही आत शिरू शकते. म्हणून पटल ताठर करणारे टीजीएसजीपी प्रथिन, आणि वर आत आलेले एपोएल-१ झपाट्याने पचवण्याची सोय. यातले टीजीएसजीपीचे जनुक काढून टाकले, तर गॅम्बिएन्स मानवी रक्तद्रवात मरते. हे २०१३ मध्ये सिद्ध झाले.

इव्हान्सीकडे यातले काहीच नाही. तरीही २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याच्या रक्तात हा परजीवी सापडला. त्याला कित्येक महिने ताप येत-जात होता. सुरामिन हे औषध दिल्यावर तो बरा झाला. परजीवीने नवी युक्ती शोधली की काय, अशी शंका येणे साहजिक होते. पण खोट निघाली माणसाच्या जनुकात: एपोएल-१च्या दोन्ही प्रती निकामी होत्या. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात हे प्रथिन मिसळताच परजीवी मरू लागले.

माणसाच्या बाजूनेही प्रत्युत्तर दिसते. आफ्रिकी वंशाच्या काही लोकांत एपोएल-१चा जी-२ हा प्रकार असतो. त्याच्या शेपटातली दोन अमिनो आम्ले गळालेली असल्याने एसआरएला त्यावर पकड घेता येत नाही. जी-२ आणि जी-१ नावाचा आणखी एक प्रकार यांच्या मिळून दोन प्रती असलेल्यांना मूत्रपिंडाच्या विकाराचा धोका मात्र बराच वाढतो, हे २०१० मध्ये लक्षात आले. चंद्रपूरच्या रुग्णात एपोएल-१ मुळीच नसूनही मूत्रपिंडे ठीक होती. म्हणजे बिघाड प्रथिनाच्या अभावाने होत नाही, त्याच्या घातक रूपाने होतो. त्यामुळेच एपोएल-१ची छिद्रे बंद करणाऱ्या औषधांच्या चाचण्या आता मूत्रपिंडाच्या रुग्णांवर होत आहेत.